सिमेंटच्या नदीची ओटी

सिंगापुरात कुंडीखालच्या बशीत पाणी साचू दिलं तर दंड होतो. किस्से साचू दिले तर काही होत नाही, म्हणून माझ्याकडे साचले. रिकाम्या माणसाच्या डोक्यात दुसरं साचणार तरी काय? तिथं मला काम नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि टीव्हीवर जे लागायचं त्यात कोण रडतंय आणि कोण हसतंय एवढंच कळायचं.

सांगलीत माझी पिठाची गिरणी आहे. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, हा वाद वडील होते तोवर चालला. पण गिरणीत दळण होईपर्यंत माणसं उभी असतात, आणि उभा माणूस बोलतोच. किस्से सांगायची सवय तिथली. तेव्हा हे दळण समजा. खडा लागला तर डबा माझ्याकडे परत आणू नका.

*

आमचा मुलगा प्रकाश सिंगापूरला एका बँकेत आहे. काय करतो ते मला तीनदा सांगून झालंय. दुसऱ्यांचे पैसे तिसऱ्यांना देतो आणि मधे स्वतः घाबरतो, एवढं माझ्या ध्यानात आलं. बिशान नावाच्या वस्तीत त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा कॉलिंग कार्ड घासून फोन केला.

"अण्णा, एरिया एकदम फॅमिली फ्रेंडली आहे! शाळा आहेत, पार्क आहे, आणि घराजवळून नदी वाहते."

नदी हा शब्द आमच्या मंडळीनं, म्हणजे सुशीलानं, स्वयंपाकघरातून ऐकला. सून मंजिरीला तेव्हा दिवस गेले होते. त्याआधी दोनदा गेले होते आणि दोनदा हातचं गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात देव सोडून कुणाला सुट्टी नव्हती. देवालाही नव्हती.

सुशीला हात पुसत आली आणि फोनसमोरच हात जोडून म्हणाली, "बाळबाळंतीण सुखरूप राहू दे गं माई, तुझी ओटी भरीन."

मी म्हटलं, "अगं, नदी बघितली नाहीस, नाव माहीत नाही. नवस करायच्या आधी एकदा बघून तरी घ्यावं!"

"नवस म्हणजे काय स्थळ आहे का, बघून ठरवायला?"

फोनमध्ये प्रकाश हसला. सुनेचं नऊ महिन्यांचं पोट आणि आमच्या दोघांचे तिथं राहायचे सरकारी पास जमवून आम्ही निघालो. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, हळीव, बाळाची टोपडी आणि सगळ्यात वर एक हिरवा इरकली खण, पिवळ्या काठाचा. तो नदीचा.

*

पोचल्या दिवशीच मंडळी म्हणाली, "आधी नदी दाखव."

प्रकाशनं नेलं. पार्कातून चालत एका लोखंडी कठड्यापाशी थांबला आणि म्हणाला, "ही बघ आई, कालांग नदी."

मी खाली बघितलं. सिमेंटचा भला मोठा पाट. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या उतरत्या भिंती, तळाला सिमेंट, आणि मधोमध चूळ भरल्यासारखं पाणी. आमच्या गिरणीमागं नगरपालिकेचं गटार आहे, त्याला यापेक्षा ओढ आहे. भिंतींच्या वर कठडा, कठड्यावर पाटी. पाटीवर चित्रं: पोहायचं नाही, उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत, कचरा टाकायचा नाही. प्रत्येक चित्रावर लाल काट. फॅमिली फ्रेंडली ती हीच!

"नदी आहे की हिला अटक केलीय?" मी विचारलं.

"अण्णा, पूर येऊ नये म्हणून तसं केलंय."

सुशीला बराच वेळ खाली बघत होती. मला वाटलं, आता नवस मागे घेईल. सुटलो. ती म्हणाली, "आजारी माणसाला प्लॅस्टर घालतात तसं घातलंय हो बिचारीला."

आणि त्या चूळभर पाण्याला तिनं नमस्कार केला. मी पाटी वाचत उभा राहिलो. म्हणजे बघत.

*

बिशानमध्ये आमचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे पार्कातला एक बाक आणि त्यावर पोराबाळांकडे पासावर आलेली म्हातारी माणसं. बाकी माणसं पास संपला की बदलायची. कायम दोघंच, मी आणि कुलकर्णी.

कुलकर्णी पुण्याचे, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर. समोरच्या ब्लॉकमध्ये त्यांचा मुलगा. त्यांची मुलगी अमेरिकेत, ओहायोत. तिथं ते सहा महिने राहून आले होते आणि ते सहा महिने त्यांनी आम्हाला सहा वर्षं पुरतील असे वाटले.

"जगतापराव, नदी बघायची तर आमच्या ओहायोतली बघा. मुलीचं घर अगदी काठावर. हिरवळ, हरणं, शांतता. फॅमिली फ्रेंडली सबर्ब!"

ज्या गावाबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नसतं त्याला फॅमिली फ्रेंडली म्हणतात, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

तर तिथं कुलकर्णींच्या बायकोनं देवघरातलं निर्माल्य साठवलं होतं. कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, आणि नदी तर दारात. एके सकाळी कुलकर्णी कानटोपी, स्वेटर, मफलर आणि हातात निर्माल्याची पिशवी घेऊन निघाले. त्या गावात रस्त्यानं कुणी चालत नाही म्हणे. चालतो तो एक तर हरवलेला असतो नाहीतर चोर. कुणी तरी खिडकीतून बघितलं आणि फोन केला. पोलिसांची गाडी आली. पोलिसानं पिशवी उघडली. आत वाळलेली तुळस, वाळलेला बेल, दुर्वा आणि उदबत्तीची राख.

"व्हॉट इज धिस, सर?"

कुलकर्णी बँकेतले. इंग्रजी चोख. म्हणाले, "धिस वॉज गिव्हन टू गॉड. नाऊ आय ऍम थ्रोइंग इट."

पोलिसानं त्यांना गाडीत बसवलं.

"आणि सांगतो काय जगतापराव, मला घरापर्यंत सोडलं! काय व्यवस्था आहे! दारात उतरवून सर म्हणाले!"

"आणि निर्माल्य?"

"ते त्यांनी तपासायला नेलं."

"मग?"

कुलकर्णींनी चष्मा पुसला. "अजून रिपोर्ट नाही."

*

आमचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. पण लिफ्ट पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबायची! आठव्यावर जायचं तर नवव्यावर जा आणि एक मजला खाली चाला. एवढा पुढारलेला देश, आणि लिफ्ट एस.टी.च्या जलद गाडीसारखी! कुलकर्णींच्या ब्लॉकची लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबायची. त्यांनी हे मला ओहायोइतक्या वेळा सांगितलं.

या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची आंटी भेटायची. चिनी म्हातारी, अंगानं काडी, काळी विजार, पायात रबरी चपला. घराबाहेरच्या गॅलरीत शिवणाचं मशीन मांडून ब्लॉकमधल्या लोकांच्या विजारी आखूड करून द्यायची. पहाटे नदीच्या कडेनं खालच्या पुलापर्यंत फिरायला जायची, हात हवेत असे हळूहळू फिरवत, की कुणी तरी तिच्या अंगावर न दिसणारी साडी नेसवतंय.

आमच्या मंडळीची आणि तिची पहिल्याच आठवड्यात मैत्री झाली. हिला मराठी सोडून काही येत नाही, तिला चिनी सोडून चार इंग्रजी शब्द. तरी दोघी लिफ्टपाशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. मी चाळीस वर्षं मराठीत बोलतोय, तेवढं हिला कधी कळलं नाही.

सुशीलानं एकदा तिच्या गॅलरीत खुणेनं विचारलं, मुलं किती? आंटीनं शिवणाच्या मशीनवर हात ठेवला.

पुढं हिनं तो प्रश्न कधी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मेथीचे दोन लाडू नेऊन दिले. आंटीनं एक खाल्ला आणि कडू तोंडानं माझ्याकडे असं बघितलं की मला पहिल्यांदा वाटलं, या बाईचं आणि माझं जमेल.

*

बाळंतपण जवळ आलं तशी मंडळीनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कलश मांडला. तांब्यात पाणी, वर आंब्याच्या पानांऐवजी मिळाली ती कसली तरी पानं, वर नारळ. नवस फिटेपर्यंत कलश हलवायचा नाही, पाणी बदलायचं नाही.

त्या वर्षी डेंगूची साथ होती. एके सकाळी दार वाजलं. गणवेशातला तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. डासांचे इन्स्पेक्टर! घरोघर जाऊन साचलेलं पाणी शोधायचं, हे तिथलं सरकारी काम. सांगलीत असं काम काढलं तर अर्ध्या गावाला नोकरी लागेल.

घरात मी आणि सुशीला. त्यानं बाथरूम बघितलं, बादल्या बघितल्या, कुंडीखाली वाकला. मग कोपऱ्यातला कलश दिसला. त्यानं विचारलं, मी मान हलवली. परदेशात विचारलं की मान हलवायची, हा माझा नियम. त्यानं अदबीनं नारळ उचलला आणि तांब्यात बॅटरी मारली.

सुशीला भाजी चिरत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की सरकारी माणूस आला, चपला दाराबाहेर काढल्या, देवापुढं वाकला, कलशात बघितलं. मग त्यानं खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर दाणे कलशात सोडले.

सुशीलानं विळी आडवी केली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

तो बिचारा गोंधळला. त्यानंही हात जोडले. नारळ पुन्हा जागेवर ठेवला, तो सुद्धा शेंडी वर करून! "चेंज वॉटर, आंटी, हां?" म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी हिनं सुनेला कौतुकानं सांगितलं, "अगं, इथलं सरकार किती धार्मिक! बाळंतपणाच्या घरी अक्षता टाकायला माणूस पाठवतात!"

मंजिरीनं तांब्यात डोकावून बघितलं आणि हसू दाबायला पोट धरून बेडरूममध्ये पळाली. ते डास मारायचं औषध होतं. हिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

मुलगी झाली. दोघी सुखरूप. प्रकाश हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रडला. दुसऱ्यांच्या पैशांसाठी घाबरणारं पोर, स्वतःच्या पोरीला बघून इतकं रडलं की नर्सनं त्यालाच खुर्ची दिली. मी रडलो नाही. तिथं एसी फार असतो, डोळ्यांना त्रास होतो.

घरी आल्यावर आंटीनं पातेलं भरून सूप पाठवलं. मासा आणि कच्ची पपई! सुशीलानं झाकण काढलं आणि पपई बघून किंचाळली. गरोदरपणात नऊ महिने जिचं नाव घरात घ्यायचं नाही, ती पपई! पण आंटीनं खुणेनं सांगितलं, की यानं दूध येतं. मंजिरी दोन वाट्या प्यायली आणि दूध आलं. त्या दिवसापासून आमच्या घरात डॉक्टरपेक्षा आंटीचा शब्द वर चढला. रोज लिफ्टमध्ये तिचा एकच सवाल: "बेबी ओके?" आणि हिचं एकच उत्तर: "ओके!" हा हिचा पहिला इंग्रजी शब्द. आणि शेवटचा.

पण आता नवस अंगावर आला. आमचा पास संपत आला होता. प्रकाशनं वाढवून मागितला होता, तो एकदा मिळाला, आता मिळणार नव्हता. परतीची तिकिटं कपाटात होती. मला गिरणीची ओढ. भाच्याच्या हाती दिली होती आणि भाचा म्हणजे पट्टा तुटल्यावर पट्ट्याला शिव्या देणारा माणूस.

सुशीलानं स्पष्ट सांगितलं, "ओटी भरल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. पोरगी बघितलीत ना? तिच्या जिवावर उधारी ठेवून जाऊ?"

प्रकाश म्हणाला, "आई, फाइन होतो गं. माझ्या पीआरचं, इथं कायम राहायच्या परवान्याचं, काम चालू आहे, नसतं लफडं नको. बादलीत पाणी घेऊन कर ना. गणपती नाही का आपण बादलीत बुडवत?"

"गणपती पुढच्या वर्षी येणार असतो. त्याला चालतं."

प्रकाशनं बँकेची बॅग उचलली आणि कामावर गेला.

*

मी योजना आखली. नको म्हणत आखली. सरकारला काय दंड करायचा तो करू दे, पण मला सांगलीला जायचं होतं.

योजना अशी: सकाळी लवकर जायचं. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ असं सगळं कापडी पिशवीत घालायचं, पिशवीला दोरी बांधायची आणि विहिरीत पोहरा सोडतात तशी कठड्यावरून खाली सोडायची. पाण्याला टेकली की दोन मिनिटं ठेवायची आणि वर ओढून घ्यायची. नदीला ओटी मिळाली, सरकारला कचरा मिळाला नाही!

"आणि प्रसाद परत घरी," कुलकर्णी म्हणाले. "जगतापराव, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." त्यांना टेहळणीला उभं केलं. कुणी आलं तर खोकायचं.

सुशीलाला ही लबाडी पटली नव्हती, पण आली. मी कठड्यावर ओणवा होऊन दोरी सोडली. नारळ सिमेंटच्या उतारावर ठण्‌ ठण्‌ वाजत खाली निघाला. पाण्याच्या हातभर वर असताना मागून आवाज आला, "गुड मॉर्निंग, अंकल."

गणवेश! कुलकर्णी खोकले. नंतर.

तो माणूस शांतपणे दोरीकडे बघत होता. दोरी माझ्या हातात, टोक खाली, तोंडावर गुन्हा. काही तरी बोलायला हवं होतं. मला जे चार इंग्रजी शब्द येत होते त्यातला सगळ्यात निरुपद्रवी मी काढला.

"फिश."

त्यानं पाटीवरच्या माशाच्या चित्रावर बोट ठेवलं. लाल काट.

मी पिशवी वर ओढली. त्यानं उघडून बघितलं. नारळ, तांदूळ, हळद, सुपारी, खण. मग माझ्याकडे बघितलं. मग सुशीलाकडे. मग पुन्हा त्या चूळभर पाण्याकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता. माशाला हे सगळं घालून बोलावणाऱ्या माणसाबद्दल वाटते ती दया होती.

"अंकल," तो म्हणाला, "मार्केट गॉट फिश. व्हेरी चीप."

*

मधे बारसं आलं. बाराव्या दिवशी घर शुद्ध करायला गोमूत्र शिंपडायचं असा सुशीलाचा हुकूम. सिंगापुरात गोमूत्र कुठून आणायचं? कुलकर्णी म्हणाले, "माझ्याकडे आहे." पुण्याहून औषधाच्या बाटलीत भरून आणलं होतं. ओहायोलाही नेलं होतं, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

बारशाच्या दिवशी कुलकर्णी सिल्कचा झब्बा घालून, काखेत बाटली मारून आमच्या ब्लॉकमध्ये आले आणि लिफ्टमध्ये शिरले. एकटेच. झाकण सैल होतं.

आता एक गोष्ट प्रकाशनं मला पहिल्या दिवशी सांगितली होती, ती कुलकर्णींना त्यांच्या मुलानं सांगितली नव्हती. सगळ्या मजल्यांवर थांबणाऱ्या त्यांच्या लिफ्टमध्ये ती सोय नसावी. आमच्या लिफ्टमध्ये कुणी लघवी केली तर यंत्राला कळतं, घंटा वाजते आणि लिफ्ट आतल्या माणसाला कोंडून जागेवर थांबते. माणूस येऊन उघडेपर्यंत तसंच.

वर पाळणा सजलाय, बायका गाणी म्हणताहेत, आणि खालून घंटा वाजायला लागली. आम्ही जिन्यानं खाली पळालो. पाचव्या मजल्याच्या थोडं खाली लिफ्ट अडकलेली. आतून कुलकर्णींचा आवाज: "जगतापराव! मी काही केलेलं नाही हो!"

आंटी गॅलरीतून आली, नाकाला हात लावला, आणि "अय्यो!" म्हणाली. हा शब्द तिचा की आपला, देव जाणे.

लिफ्टवाला आला, मागोमाग एक साहेब आला. दार उघडलं. आत सिल्कच्या झब्ब्यात कुलकर्णी, रिटायर्ड ऑफिसर, पायाखाली थारोळं. साहेबानं थारोळ्याकडे बघितलं, कुलकर्णींकडे बघितलं आणि वहीसाठी खिशात हात घातला.

कुलकर्णींनी रिकामी बाटली उंच धरली. चेहरा ताठ. आवाज तोच, कर्ज नामंजूर करतानाचा.

"नॉट माइन, ऑफिसर. काऊज."

साहेबानं लिफ्टचे चारी कोपरे गाय शोधल्यासारखे बघितले.

शेवटी प्रकाशनं खाली येऊन सगळं समजावलं, पुसून दिलं, माफी मागितली. वरती सुशीला वाट बघत होती. कुलकर्णी रिकाम्या बाटलीसह आत आले. तिनं बाटली घेतली, उलटी केली, उरलेला एक थेंब दारावर झटकला आणि म्हणाली, "झालं शुद्ध. बसा."

मुलीचं नाव आमच्या सांगलीच्या नदीवरून कृष्णा ठेवलं. नाव आत्यानं फोनवरून कानात सांगितलं, कॉलिंग कार्ड संपत असताना. ओहायोतलं नाव कुणी सुचवलं नव्हतं, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

*

निघायला आठवडा उरला. खण तसाच बॅगेवर. सुशीला बोलेनाशी झाली. ती भांडते तेव्हा मला झोप लागते. बोलत नाही तेव्हा लागत नाही.

एका दुपारी आभाळ असं काळं झालं की दुपारी दिवे लावले. मग पाऊस. सिंगापूरचा पाऊस नळ सोडल्यासारखा येतो, पण त्या दिवशी नळच तुटला होता. आठव्या मजल्याच्या खिडकीतून मी खाली बघितलं. सिमेंटचा पाट दिसेना. तिथं काहीतरी तांबडं, रुंद, हलणारं होतं. भिंती गेल्या, उतार गेला. कठड्याच्या खाली दोन हातांवर पाणी!

मागं वळलो तर सुशीला दारात. पदर खोचलेला, खणाची ओटी ताटात, ताटावर मंजिरीची अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी.

"अगं, वीज चमकतेय! मरशील!"

"तुम्ही येऊ नका."

असं म्हटल्यावर माणसाला जावं लागतं. छत्री घेतली. पार्कात चिटपाखरू नाही. गणवेश नाही, पळणारे नाहीत, कुलकर्णी नाहीत. पार्कातल्या पुलावर पोचेस्तोवर छत्री उलटी झाली. खाली काय आवाज! पुराच्या दिवसांत आमच्या घाटावर ऐकतो तोच. प्लॅस्टर फोडून बाई उठून बसली होती.

सुशीलानं टोपी काढली. हळदकुंकू पावसानं बोटावर राहीना, तरी लावलं. नारळ सोडला. तांदूळ सोडले. मग खण दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "माई, तू आमच्या सांगलीच्या कृष्णेची धाकटी बहीण. उशीर झाला, रागावू नको. पोरगी तुझ्या काठावर ठेवून चाललेय. लक्ष ठेव."

हिरवा खण पाण्यावर एकदा पसरला, पिवळे काठ दिसले, आणि खालच्या पुलाकडे गेला.

मी हात जोडले नाहीत. छत्री धरली होती. उलटी होती, पण धरली होती.

तासाभरानं पाऊस थांबला. संध्याकाळी आम्ही पुन्हा जाऊन बघितलं. पुन्हा सिमेंट, पुन्हा चूळभर पाणी, पुन्हा पाटी. कुलकर्णी म्हणाले, "सगळं गटारात गेलं, जगतापराव. ओहायोत निदान रिपोर्ट तरी आला असता." मंडळी पाटीकडे पाठ करून घराकडे चालायला लागली. पण रात्री जेवली, आणि भांडली. मला झोप लागली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बाजारातून आलो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. लिफ्टचं दार मिटता मिटता कुणी तरी हात घातला. पाचव्या मजल्यावरची आंटी. विजार तीच काळी, चपला त्याच रबरी. अंगात नवीन ब्लाऊज. चिनी घाटाचा, बिनबाह्यांचा, गळ्याशी उभी पट्टी. हिरवा. गळ्याच्या पट्टीला आणि खाली कडेला पिवळा काठ, इतका बेतून लावलेला की कुठं टाका दिसत नव्हता.

तिनं हसून गोल फिरून दाखवलं.

मी तोंड उघडलं, "अगं सुशीला, हा तर आपला..."

सुशीलानं माझ्या पायावर पाय दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात हुकूम.

"नमस्कार करा."

"कुणाला?"

"नदीला."

मी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या.

"बेबी ओके?" आंटीनं विचारलं.

"ओके," सुशीला म्हणाली.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. नदी उतरली, आणि चपला फटफट वाजवत घराकडे गेली.